लाल दोऱ्याची पट्टी

एप्रिल लागला की चिंचवड स्टेशनच्या मागच्या आमच्या कॉलनीत निळ्या पताका चढू लागतात. पोरं शिड्या घेऊन फिरतात, या खांबावरून त्या खांबावर माळा ओढतात, कुणाच्या तरी टीव्हीची वायर तोडतात आणि मग त्या घरातल्या मावशींच्या शिव्या खातात. विहाराच्या भिंतीला नवा रंग लागतो. आधी जयंती येते, मग बुद्धपौर्णिमा, आणि या दोन्हींच्या मधले दिवस हा आमच्याकडे एक वेगळाच ऋतू असतो. पंचांगात तो सापडायचा नाही. पण उन्हाचा, पताकांचा, गच्चीवरच्या कुरडयांचा आणि पेटीच्या भात्याचा म्हणून एक ऋतू असतो की नाही, हे कॉलनीत वाढलेल्या कुणालाही विचारा.

यंदाही तो आलाय. मी दर रविवारी पुनावळ्याहून स्कूटरवर आईपप्पांकडे येते, पाठीला गिटार असते. कॉलनीच्या तोंडाशी पताकांची फडफड कानावर आली की माझ्या नाकात लाकडाच्या भुश्याचा वास शिरतो. शिवणीच्या लाकडाचा. तिथे आता भुसा नाही, रंधा नाही, काही नाही. पण नाकाची समजूत कोण घालणार? शिवणीचा वास तसा दांडगाही नाही, सागासारखा तो अंगावर येत नाही. भिजवलेल्या डाळीसारखा काहीसा, हळूच येणारा. तरी तो येतो, आणि स्कूटर स्टँडला लावून मी उगाच मिनिटभर तशीच उभी राहते.

त्या उन्हाळ्याला आता बरीच वर्षं झाली. मी गिटार करायला घेतली होती. वाजवायला नव्हे, करायला. वाजवायची तर मी कॉलेजपासून, बरी वाजवायची. पण एक इलेक्ट्रिक गिटार आपल्या हातानं करावी हे खूळ कुठून शिरलं ते सांगते. मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीत आहे. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या वस्तूंत खोट काढणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. दिवसभर मापं घ्यायची, हे पास, ते रिजेक्ट. ज्यांचा माल मी परत पाठवते त्यांनी माझ्यामागं मला काय काय नावं ठेवली असतील ती मला माहीत आहेत. एक दिवस कंपनीच्या बसमध्ये बसल्या बसल्या मनात आलं, आपण आयुष्यात एक तरी वस्तू केली आहे का, जिच्यात दुसऱ्या कुणाला खोट काढता येईल? नव्हती केली. पोळ्या सोडल्या तर. आणि त्यांतही खोट निघायचीच.

लाकडातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. भिंतीत खिळा ठोकायचा तरी मी आधी अंगठा ठेचून घ्यायची. पुनावळ्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये ड्रिल लावलं तर सोसायटीच्या ग्रुपवर पाचव्या मिनिटाला मेसेज, ‘कृपया दुपारची विश्रांती...’ नवरा म्हणाला, “तुझे पप्पा असताना तू यूट्यूबवर काय शोधतेस?” खरंच की. काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझे पप्पा पॅटर्नमेकर होते.

पॅटर्नमेकर म्हणजे काय ते आता सांगावं लागतं. लोखंडाची वस्तू ओतायची असेल तर आधी तिच्यासारखीच लाकडाची वस्तू करतात. ती वाळूत दाबून काढली की वाळूत तिचा ठसा उरतो आणि त्या ठशात वितळलेलं लोखंड ओततात. ती लाकडाची वस्तू म्हणजे पॅटर्न. भोसरीच्या एका फाउंड्रीत पप्पांनी उभा जन्म तेच केलं. लातूरकडून आले ते थेट त्या लाकडाच्या शेडमध्ये शिरले आणि शेड बंद झाली तेव्हाच बाहेर पडले. आपण केलेली वस्तू त्यांनी कधी कुठे लागलेली पाहिली नाही, कारण लागायची ती लोखंडाची. लाकडाची पुन्हा वाळूत जायची.

आता त्या पट्टीबद्दल. वितळलेलं लोखंड थंड होताना आकसतं. म्हणून पॅटर्न खऱ्या मापापेक्षा किंचित मोठा करावा लागतो. दर वेळी हिशेब कोण करत बसणार, म्हणून पॅटर्नमेकरांकडे एक खास स्टीलची पट्टी असते, जिच्यावरचे आकडेच मुळात थोडे लांब-लांब छापलेले असतात. दिसायला इतर पट्ट्यांसारखीच, नुसत्या डोळ्यांना फरक कळायचा नाही. पप्पांच्या घरी दोन्ही पट्ट्या मागच्या खोलीत खिळ्याला टांगलेल्या असत. एक साधी आणि एक ही. तिच्या भोकात लाल दोरा बांधलेला असे आणि घरात सक्त ताकीद होती, लाल दोऱ्याच्या पट्टीला हात लावायचा नाही. आईच्या कापड कापायच्या कात्रीला जसा आम्ही हात लावायचो नाही, तसंच.

मी एकदा लावलाच. शाळेत भूमितीच्या तासाला माझी पट्टी हरवली होती म्हणून सकाळी गुपचूप ती घेऊन गेले. दप्तरातून हातभर बाहेर आलेली. सगळ्या वर्गाचे त्रिकोण एकसारखे आणि माझा तेवढा जरासा फुगलेला. बाईंनी दोनदा मोजला आणि वहीवर लाल फुली मारली. घरी आल्यावर मला वाटलं, आता मार बसतो. पप्पा पोट धरून हसले. “अगं माय, ही पट्टी आत्ताचं माप सांगत न्हाई,” ते म्हणाले. “थंड झाल्यावरचं सांगती.” मला तेव्हा काही कळलं नाही, पण मार चुकला एवढं कळलं.

गिटारचं बोलले तेव्हा पप्पा लगेच उठले. पलंगाखाली वाकले आणि गोणपाटात गुंडाळलेली एक फळी बाहेर ओढली. शिवण. शेड बंद झाली त्या दिवशी साहेबांनी ‘काय हवं ते घेऊन जा’ म्हटलं होतं, तेव्हा बाकीच्यांनी मशीनं न्याहाळली आणि आमच्या पप्पांनी ही फळी उचलली. “शिवण लई शहाणी,” ते फळीवरून तळहात फिरवत म्हणाले, “फुगत न्हाई, फाटत न्हाई, वजनाला हलकी.” मग माझ्याकडे बघून, “तुझ्यासारखी न्हाई.”

काम गच्चीवर चाले. मी पुनावळ्याहून रोज सकाळी येई, ऊन तापायच्या आत. एका बाजूला आईच्या कुरडया जुन्या साडीवर वाळत घातलेल्या आणि दुसऱ्या बाजूला आम्ही दोघं. आईनं पहिल्याच दिवशी सीमा आखून दिली होती. “माझ्या कुरडयांत भुसा पडला तर तळून तुमालाच खायला घालीन, दोघांनाबी,” ती म्हणाली. वारा कुणीकडून येतो ते बघून मग आम्ही रंधा हाती घ्यायचो. करवत मला चालवता येईना. रेघ एकीकडे, करवत दुसरीकडे. पप्पा विडी सोडून दिलेल्या माणसासारखे दातांत काडी धरून बघत बसायचे. “तू लाकूड कापतीस का त्याच्या पाया पडतीस?” म्हणायचे. मी चिडले की आणखी खूश व्हायचे.

रंधा उलटा चालवला की लाकडाचे ढलपे उपटून येतात, हे मी उपटून झाल्यावर शिकले. त्या जागी अजूनही गिटारच्या पाठीला एक खळगा आहे, तिथे माझा अंगठा बरोबर बसतो. पटाशी कशी धरायची, कानस एकाच दिशेनं का चालवायची, पॉलिशपेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळूनच का घासायचा... पप्पा सांगत असत आणि मी ऐकत असे. तरी खरं सांगायचं तर मी ऐकत होते ते लाकडाविषयी. पप्पांकडे मी फारसं बघतच नव्हते. आज तो उन्हाळा आठवायला बसलं की मला फळीवरची प्रत्येक रेघ आठवते. पप्पांनी अंगात काय घातलं होतं ते आठवत नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

काही काही आठवतं, पण ते नंतर उकरून काढलेलं. कानावरची पेन्सिल ते खिशात शोधायचे, पण ते कोण नाही शोधत? जेवायला बसल्यावर ‘जेवण झालं का’ असं आईला विचारायचे. गायनपार्टीत ढोलकीवर त्यांच्यासोबत इतकी वर्षं बसणाऱ्या वाघमारेकाकांचं नाव एकदा त्यांच्या ओठांवर येईना, तेव्हा ‘तो गं... तो आपला ढोलकीवाला’ म्हणाले, आणि आम्ही हसलो, तेही हसले. म्हातारपण म्हणून सगळं खपून गेलं. घरातलं माणूस असं थोडं थोडं उणं होत असताना दिसत नाही. रोज बघणाऱ्याला तर नाहीच, आणि त्या उन्हाळ्यात मी रोज बघणारी होते.

गिटारची मान मी तयारच मागवली होती. नवशिक्यानं तेवढं धाडस करू नये असं सगळे सांगतात. मानेवर पडदे, म्हणजे सुरांच्या जागी असलेल्या धातूच्या आडव्या कांड्या, बसवूनच आले होते, त्यात बदल शक्य नव्हता. आता सगळा खेळ एका मापावर होता. तारा मानेच्या वरच्या टोकाला जिथून सुरू होतात तिथपासून खाली लाकडावर जिथे टेकतात तिथपर्यंतचं अंतर. जिथे टेकतात त्याला ब्रिज म्हणतात, आपल्याकडे तंबोऱ्यात घोडी म्हणतात तीच. ही घोडी केसभर सरकली तरी सूर बिघडतात.

ती सकाळ मला लख्ख आठवते. पप्पा मागच्या खोलीतून पट्टी घेऊन आले. लाल दोरा कधीच कुजून गेला होता आणि पट्ट्या खिळ्यावरून उतरून ट्रंकेत गेल्या होत्या. त्यांच्या शेडमध्ये माप घ्यायची एक रीत होती. एकानं पट्टी धरून आकडा बोलायचा, दुसऱ्यानं तोच आकडा मोठ्यानं परत म्हणायचा आणि मगच पेन्सिल टेकवायची. मी कागदावरचा मिलिमीटरचा आकडा वाचला, सहाशे अठ्ठेचाळीस. पप्पांनी पट्टी धरली, वाकून बघितलं आणि म्हणाले, “सहाशे अठ्ठेचाळीस.” मी म्हटलं, “सहाशे अठ्ठेचाळीस.” ते म्हणाले, “मार.” मी रेघ मारली. किती खात्रीचं वाटलं होतं ते! कंपनीत मी कुणाचंही माप दुसऱ्या पट्टीनं तपासल्याशिवाय सही करत नाही, खुद्द मॅनेजरचंसुद्धा नाही. पण पप्पांनी दिलेली पट्टी कोण तपासतं?

घोडी बसली. तारांखाली चुंबकाचे तुकडे आणि वायरी बसल्या, तेवढं मला येत होतं. रंग कुठला द्यायचा यावर घरात वाद झाला. पप्पा म्हणाले निळा दे, आई म्हणाली लाकूड दिसू दे, एवढं घासलंय ते कशाला झाकता? आईचं चाललं. शिवणीचा फिकट पिवळा रंग नुसत्या पॉलिशखाली उजळून आला. पप्पांनी गिटार मांडीवर घेतली आणि बराच वेळ कडांवरून बोट फिरवत राहिले. “ही वाळूत जायची न्हाई,” म्हणाले. आपल्याजवळ राहणारी अशी त्यांनी केलेली ही पहिलीच वस्तू होती, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

बुद्धपौर्णिमेला विहारात पप्पांच्या गायनपार्टीचा कार्यक्रम असायचा. पप्पांची पेटी, वाघमारेकाकांची ढोलकी, मागं कोरसला चारपाच जण. डीजेच्या दिवसांत त्यांना आता कुणी बोलवत नव्हतं, पण पौर्णिमेचा कार्यक्रम त्यांचाच. पप्पांनी ठरवून टाकलं होतं, यंदा गिटार. वाघमारेकाका म्हणाले, “मास्तर, पोरीला झांज द्या की राव, हे विजेचं वाद्य कशाला?” पप्पा म्हणाले, “माझी पोरगी न् माझी शिवण, तुमाला काय त्रास?” मी पांढरी साडी नेसून त्यांच्या डाव्या हाताला बसले. संध्याकाळ होती, विहाराच्या पायऱ्यांपर्यंत माणसं होती, आई बायकांमध्ये पहिल्या रांगेत होती.

पप्पांनीच रचलेलं गाणं होतं. लहानपणापासून मी ते झोपेतसुद्धा म्हणू शकले असते. सुरुवात छान झाली. पहिल्या पडद्यांवरचे खालचे सूर पेटीशी मिसळून गेले. वाघमारेकाकांनीसुद्धा भुवया उडवून दाद दिली. मग कडवं वर चढलं आणि माझा हात वरच्या सुरांकडे सरकला. सूर खाली बसले. जितकी वर जावं तितके जास्त. पप्पांचा कान लहानपणापासून असला पक्का की शेजारच्या चाळीतली बेसूर पेटी ऐकून ते जेवण टाकून उठायचे. त्यांनी मान वळवली, माझ्या बोटांकडे पाहिलं आणि भर कार्यक्रमात बोलले, “सुजे, वरचं उतरतंय.”

लोक हसले. प्रेमानंच हसले. मी लाजून हात खाली आणला. पप्पांनी पुन्हा भाता ओढला, पण गाणं पुढे सरकेना. ते पेटीकडे बघत होते, तोंड उघडलेलं होतं, आणि शब्द येत नव्हते. स्वतःच लिहिलेले शब्द. वाघमारेकाकांनी ठेका धरून ठेवला, मग कोरसमधल्या कुणीतरी ओळ उचलली आणि गाणं तरून गेलं. सगळे म्हणाले, गिटारनं मास्तरांना चुकवलं. मलाही तसंच वाटलं. आईला मात्र वाटलं नव्हतं, असं ती मला फार नंतर म्हणाली. बायकांच्या रांगेतून तिनं पप्पांचे डोळे पाहिले होते.

मी काय केलं? मी गिटार तपासायला घेतली. तोच तर माझा धंदा. तारा बदलल्या. घोडीवरचे स्क्रू पुढे जाताहेत तितके पुढे नेले. मान सोडून पुन्हा बसवली. पावसाळा लागला, लाकूड दमट झालं असेल म्हणून वाट पाहिली, मग सुकलं असेल म्हणून वाट पाहिली. वरचे सूर उतरतच राहिले. मी महिनोन्महिने गिटार तपासत राहिले आणि पप्पांना तपासावं हे मला एकदाही सुचलं नाही.

शेवटी एक दिवस आईकडे गिटार उलटीसुलटी करत असताना दुसरी पट्टी हाती आली. साधी. दोन्ही शेजारी ठेवल्या आणि बघते तर शून्याला शून्य जुळतंय, पण पुढचे आकडे हळूहळू एकमेकांना सोडून चाललेत. शेवटाला चांगलं बोटभर अंतर. मी ओरडलेच. पप्पा, लाल दोऱ्याची पट्टी! तुम्ही मला लोखंड थंड व्हायचं माप दिलंत! मला इतका आनंद झाला होता, चूक सापडल्याचा. पप्पाही हसले. “मग वत लोखंडात,” म्हणाले, “बरूबर ईल.” आम्ही तिघं डोळ्यांत पाणी येईतो हसलो. आईचं हसणं मध्येच थांबलं होतं, ते मी पाहिलं. तिला काय झालं ते विचारायचं राहून गेलं.

ज्या माणसानं हयातभर अंधारातसुद्धा त्या दोन पट्ट्या बोटांनी ओळखल्या, त्यानं मला चुकीची दिली, हा हसण्यावारी न्यायचा प्रकार नव्हता. ते कळायला दसऱ्याच्या पुढचे दिवस यावे लागले. एका सकाळी पप्पा आंघोळ करून, डबा घेऊन घराबाहेर पडले आणि बसनं भोसरीला गेले, पहिल्या शिफ्टला. लाकडाच्या शेडच्या जागी आता गाड्या उभ्या करतात. गेटवरच्या वॉचमननं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, त्यांच्याच खिशातल्या फोनवरून आम्हाला फोन लावला. मी गेले तेव्हा ते डबा मांडीवर घेऊन शांत बसले होते. “सुजे,” म्हणाले, “हितली शेड कुणी नेली गं?” मग डॉक्टर, मग तपासण्या, मग ते नाव, जे आता सगळ्यांना ठाऊक असतं. स्मृतिभ्रंश. डॉक्टरांनी विचारलं, सुरुवात केव्हा झाली? आई म्हणाली, विहारात, गाणं विसरले तेव्हा.  मला मात्र माहीत होतं सुरुवात खरी केव्हा झाली. मी तिच्यावर पेन्सिलनं रेघ मारली होती.

तेव्हापासून एकेक आकडा सुटत गेला. आधी रस्ते, मग माणसांची नावं, मग सकाळ आहे की संध्याकाळ. माझं नावही जायला लागलं. कधी मी त्यांची बहीण असायची, कधी दवाखान्यातली बाई. पण एक गंमत होती आणि तिच्यावर मी कितीतरी रविवार काढले. मी गिटार घेऊन पलंगाशेजारी बसायची, घरापुरता छोटा स्पीकर जोडायची, आणि त्यांचं ते गाणं वाजवायची. खालचे सूर ते डोळे मिटून ऐकायचे. मी वर चढले की त्यांच्या कपाळावर आठी पडायची, डोळे उघडायचे, आणि कुठून कुठून तो आवाज यायचा, “सुजे, वरचं उतरतंय.” दर वेळी. सकाळपासून मला ओळखलं नसेल तरी. त्या एका बेसूर सुराला धरून माझे पप्पा वर यायचे, घटकाभर माझ्याकडे बघायचे आणि पुन्हा बुडायचे. आई स्वयंपाकघरातून ऐकायची. कधी ओरडायची, “हाक मारली का?” मी म्हणायची, “मारली.”

असं असताना मी ती खोट काढली. त्याला कारण होतं, पण पटण्याजोगं नव्हतं. गेल्या थंडीत कॉलनीतली पोरं म्हणाली, ताई, यंदा पौर्णिमेला काकांचं गाणं तुम्ही वाजवा. लोकांसमोर उतरलेले सूर कसे वाजवायचे? आणि दुसरं म्हणजे, वस्तूतली खोट दिसतेय, कशानं झाली ते माहीत आहे, दुरुस्ती हातातली आहे, आणि तरी ती तशीच ठेवायची, हे माझ्या स्वभावात नाही. मी साधी पट्टी घेतली. घोडी सोडली, होती तिथून पुढे आणली, मापानं बसवली. जुन्या भोकांत शिवणीच्याच खुंट्या ठोकून, घासून, वर पॉलिश दिलं. आता माझा हात बरा बसलाय, खुणासुद्धा दिसत नाहीत. काम इतकं चोख झालं की मी स्वतःच स्वतःला पास केलं.

गेल्या रविवारी मी ती पप्पांकडे घेऊन गेले. बाहेर पोरं पताका बांधत होती, कुणीतरी माइकवर हॅलो-हॅलो करत होतं. पप्पांना आईनं नुकतंच दाढी करून, पांढरा सदरा घालून खिडकीशी बसवलं होतं. मी गाणं सुरू केलं. खालचे सूर झाले. कडवं वर चढलं, मी वर गेले, आणखी वर गेले, अगदी शेवटच्या पडद्यांपर्यंत. एकेक सूर जिथल्या तिथे लागला. त्या गिटारनं इतक्या वर्षांत असं कधी वाजवून दिलं नव्हतं. आणि मी थांबले, हात तारांवर ठेवून, वाट बघत.

पप्पांच्या कपाळावर आठी नव्हती. त्यांनी सभ्यपणे मान हलवली, जशी ते पूर्वी दुसऱ्या पार्टीतल्या पेटीवाल्याला दाद द्यायचे. “छान वाजवता तुमी,” म्हणाले.

उभ्या आयुष्यात पप्पांनी मला कधी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं. मी पुन्हा वाजवलं, तोच तुकडा, मुद्दाम वरचाच. बोट तारेवर दाबून सूर वाकडा करून पाहिला. तो वर जायचा, खाली येईना. उतरता सूर आता त्या गिटारमध्ये नव्हताच, तो मी खुंट्या ठोकून बुजवला होता.

पप्पा जरा पुढे झुकले. दाराकडे एकदा पाहिलं आणि परक्या माणसाकडे भीडभाड सोडून काही मागताना करतात तसा आवाज हळू केला. “माझी लेक हाय,” म्हणाले, “सुजी. तीबी वाजवती. पर तिचं वरचं उतरतंय. लई दिस झाले, तिला काय जमंना. तुमी तिला एकदा दावाल का, हे कसं केलं ते?”

“दाखवते की,” मी म्हणाले.

“रविवारी येती ती,” पप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले. “थांबा, येईलच येवढ्यात.”

मी थांबले.